पांढऱ्या कोटातले मोठे काका

अहिल्येनं चपला दाराशीच काढल्या, पण खांद्यावरची पर्स काही खाली ठेवली नाही. शैलानं ते पाहिलं आणि काय ते समजली. सख्खी जाऊ सहा वर्षांनी अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या या घरात येत होती, आणि आल्या आल्या पर्सच्या पट्ट्याला घट्ट धरून सांगत होती की फार वेळ बसणार नाही.

"ये गं, ये. फ्लाइट वेळेवर होती ना?"

"होती. बॅगा गाडीतच आहेत, शैलाताई. हॉटेल बुक केलंय आम्ही."

तिच्या मागून तिचा नवरा श्रीराम आत आला. नोव्हाय गावी जन्मभर गाड्यांची इंजिनं तपासलेला माणूस, त्याला कुठेही गेलं की आधी भिंती आणि छत बघायची सवय. त्यानं छत बघितलं, जिना बघितला आणि विचारलं, "घरात कोणी दिसत नाही?"

घरात शैला उभी होती, चांगली नाकासमोर. पण ‘कोणी’ म्हणजे कोण, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"हे सकाळीच ग्राउंडवर गेलेत. तिथं थोडी मदत असते," शैला म्हणाली आणि चहाचं आधण बघायला वळली.

मदत! सकाळी तिच्या नवऱ्यानं, रवींद्रनं, स्वतःच्या हातानं पांढऱ्या कोटाला इस्त्री करताना दोनदा विचारलं होतं, "श्रीरामला सांगितलंस ना, मी अंपायर आहे म्हणून?" आणि तिनं दोनदा "सांगते" म्हटलं होतं. सांगायचं कसं, ते मात्र तिला काही सुचलेलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी ज्या माणसाच्या सरळपणापायी घर फुटलं, तोच आज श्रीरामच्या लेकीच्या फायनलला गोलपोस्टखाली उभा राहून बॉल आत की बाहेर ते ठरवणार, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

तेव्हा झालं होतं असं. श्रीरामचा मोठा मुलगा नकुल, त्याचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. मुलीकडच्यांना सांगितलं होतं की ॲन आर्बरला पीएचडी संपली, आता फक्त नोकरीची वाट बघतोय. प्रत्यक्षात नकुलनं पीएचडी मध्येच सोडून दिली होती आणि तो सायकली दुरुस्त करत होता. मुलीच्या वडिलांनी एका संध्याकाळी रवींद्रला फोन केला. थोरले काका म्हणून, नुसतं रीतीपुरतं विचारलं. शैला हातात चहाचा कप घेऊन तिथंच उभी होती. फोन कानाला लावून रवींद्र कितीतरी वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, "नाही. संपलेली नाही. मुलगा मात्र सोन्यासारखा आहे." वाक्याचा दुसरा अर्धा भाग कुणीच ऐकला नाही. लग्न मोडलं. श्रीरामचा त्यानंतरचा फोन मिनिटभराचा होता. घरचा असून घरावर उलटलास, एवढंच बोलून त्यानं जो ठेवला तो ठेवलाच.

दोन्ही घरांत ये-जा करणारी एकटी अनिका उरली, नकुलची धाकटी बहीण. फिजिओथेरपिस्ट होऊन ती शेजारच्या वूस्टरला नोकरीला आली आणि दर गुरुवारी काकूकडे जेवायला यायला लागली. हॉस्पिटलातल्या एका आयरिश मैत्रिणीनं तिला "आमच्यात एक प्लेअर कमी आहे" म्हणून ओढून नेलं, आणि ही बया त्या गेलिक फुटबॉलची झालीच की! हातानं झेलायचं, पायानं मारायचं, पळता पळता बॉल बुटावर उडवून पुन्हा हातात घ्यायचा, असला तो खेळ. तिचा क्लब ब्लॅकस्टोन गेल्स. वरच्या सीनियर गटात नाही, खालच्या ज्युनियर गटातही नाही, मधल्या गटातला. वर्षानुवर्षं तिथंच अडकलेला. यंदा ईशान्य विभागाच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत एकेक क्लब घरी पाठवत पोरी फायनलला पोचल्या होत्या. जिंकल्या तर पुढल्या वर्षी सीनियर गटात.

अनिकानं आईबापांना फोनवर बजावलं होतं, "यू आर कमिंग. आणि आधी मोठ्या काकांकडे जायचं. नो एक्स्क्यूजेस."

म्हणून हे दोघं आज इथं होते, आणि अहिल्या पर्स खांद्यावर ठेवूनच चहा पीत होती.

*

ग्राउंडवर चांगलं ऊन होतं. ब्लॅकस्टोनवाले एका बाजूला, हार्बर रोव्हर्सवाले दुसऱ्या बाजूला आणि मध्ये बर्गरचा धूर. शैलानं मुद्दाम लांबची, वरची जागा धरली. तेवढंच चेहरे कमी दिसतील.

"हे गोल असे कसे?" अहिल्येनं विचारलं. "वर एवढे लांब खांब?"

"आडव्या दांडीखालून जाळीत गेला तर गोल, त्याचे तीन पॉइंट. दांडीवरून, पण दोन खांबांच्या मधून गेला तर एक. बोर्डावर पहिला आकडा गोलांचा, दुसरा पॉइंटांचा."

"बरंच माहीत झालंय तुम्हाला."

"गुरुवारी जेवताना दुसरं बोलते कुठे ती?"

दोन्ही गोलांपाशी दोन-दोन माणसं पांढरे लांब कोट घालून येऊन उभी राहिली.

"अगं बाई, डॉक्टरही आलेत," अहिल्या म्हणाली.

"डॉक्टर कसले, खाटीक दिसतात," श्रीराम म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर जरा हसला. या सहलीतलं ते त्याचं पहिलं हसू. तेवढ्यात जवळच्या खांबाखालच्या खाटकानं टोपी काढून रुमालानं टक्कल पुसलं. श्रीरामचं हसू जागच्या जागी थांबलं.

"वहिनी, तो रवींद्र आहे?"

पासष्टीच्या धाकट्या भावानं थोरल्याचं असं नुसतं नाव घेतलेलं शैलानं पहिल्यांदाच ऐकलं.

"हो. अंपायर आहेत. मी सकाळीच सांगणार होते, भाऊजी. धीर झाला नाही."

"आमच्या मुलीच्या मॅचला? दुसरा कोणी मिळाला नाही?"

नसता मिळाला, असं नाही. पण हा खेळच मुलखावेगळा. यात रेफरी आपले अंपायर आपणच घेऊन येतो. भाऊ, मेहुणा, शेजारी, जो शनिवारी मोकळा असेल तो. आणि आजचा रेफरी डेक्लन म्हणजे शैलाचे व्याही! शैलाचा मुलगा देव आणि डेक्लनची मुलगी मोइरा, दोघं लग्न करून सिॲटलला निघून गेली, आणि इकडे मागे राहिलेले दोघे व्याही एकमेकांच्या गळ्यात पडले. आपल्याकडे व्याह्याला मान म्हणून शेला-नारळ देतात, डेक्लननं पांढरा कोट दिला. रवींद्रनं तो इतक्या भक्तिभावानं घेतला, की गेली तीन वर्षं तो ड्रायक्लीनला टाकायचीही शैलाला परवानगी नव्हती.

"त्यांनी नाही म्हटलं होतं हो," शैला म्हणाली. "पुतणी खेळतेय, मला आज नको, म्हणाले. डेक्लनना ते कळेचना. ‘तुझ्या भावाची मुलगी ना? मग त्यात काय?’ त्यांच्या लेखी ते लांबचं. नातेवाईक वगळायचे ठरवले तर ह्या लीगमध्ये कोटात उभे करायला कावळे आणावे लागतील, असं म्हणाले. तरी ह्यांनी मागच्या आठवड्यात दोन्ही कॅप्टनना स्वतः फोन करून सांगितलंय."

"हो, सांगितलं असेल. सगळ्यांना सगळं सांगायची हौसच आहे," श्रीराम म्हणाला आणि समोर बघायला लागला.

शिट्टी झाली. आणि मग, खरं सांगायचं तर, पुढचा अर्धा तास शैला सगळी भांडणं विसरली. कारण अनिका. घरी सोफ्यावर पाय वर घेऊन वरणभात खाणारी, "काकू, लोणचं आहे?" म्हणून फ्रिजमध्ये डोकं घालणारी पोरगी ही नव्हेच. ती उंच उडी मारून तीन जणींच्या डोक्यावरून बॉल झेलत होती. धक्का खाऊन पडत होती आणि उठताना पाडणारीलाच हात देऊन उठवत होती. मधल्या जागेवरून अख्खी टीम हाकत होती. घरात जिचा आवाज निघत नाही ती इथं "मार्क हर! मार्क हर!" म्हणून अशी ओरडत होती की श्रीराम नकळत पुढे सरकून बसला. आपल्या रक्तात हे कुठून आलं, असा प्रश्न त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

हाफ टाइमला थोडा वेळ असताना तिनं लांबून एक किक मारली. बॉल खांबाजवळून गेला. ब्लॅकस्टोनचे सगळे उठून नाचायला लागले, अहिल्यासुद्धा पर्ससकट उठली. खांबाखाली रवींद्रनं मान वर केली, खाली केली, आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन आडवे हलवले. बाहेर.

नाचणारे बसले. कुणीतरी शिवी हासडली.

"पाहिलंत वहिनी?" श्रीराम हळू आवाजात म्हणाला. "माणूस बदलत नाही. घरचं असलं की बाहेरच."

आणि खोटं कशाला सांगा, क्षणभर शैलालाही नवऱ्याचा राग आला. एवढ्या जवळून गेला होता बॉल, एखादा पॉइंट दिला असता तर काय बिघडलं असतं? पण हा विचार मनात आला तशी तीच ओशाळली.

*

हाफ टाइमला श्रीराम पाय मोकळे करायला म्हणून उठून गेला. शैलानं डबा उघडला. पुडाच्या वड्या, खास नागपुरी, पहाटे उठून केलेल्या. अहिल्येनं मान हलवली.

"नको. पित्त होतं मला हल्ली."

"सहा वर्षांपूर्वी आठ खायचीस."

अहिल्या हसली नाही, पण नाही असंही म्हणाली नाही. डब्याकडे बघतच ती बोलायला लागली. "शैलाताई, एक सांगू? ह्यांच्यापाशी बोलू नका. नकुल मागे मला म्हणाला, आई, बरं झालं काकांनी सांगितलं ते. मला रोज सकाळी उठून डॉक्टरेटचं नाटक करावं लागलं असतं. आता स्वतःचं सायकलचं दुकान आहे त्याचं, ॲन आर्बरला. पोरं-प्रोफेसर रांग लावतात. खूश आहे."

"मग हे भाऊजींना का नाही सांगितलंस?"

"त्यांना कोण सांगणार? त्यांना राग लग्नाचा राहिलेलाच नाही. दादानं आपल्याला आधी फोन केला नाही, त्याचा राग आहे. लहानपणापासून सगळं विचारून करायचे दोघं, आणि त्या दिवशी दादानं विचारलं नाही. ते मनात बसलंय." तिनं डबा शैलाच्या मांडीवर परत सरकवला. "आणि मी तरी काय करू? नवऱ्याच्या बाजूनं बसावं लागतं. तुम्ही नाही का बसलात?"

बसले होते की, शैलाच्या मनात आलं. सहा वर्षं दोघी जावा आपापल्या नवऱ्याच्या बाजूनं अशा नेटानं बसल्या, की एकमेकींच्या बाजूला बसायचं राहूनच गेलं.

*

दुसऱ्या हाफमध्ये रोव्हर्सच्या पोरींनी एकेक पॉइंट करत गाठलं. शेवटी शेवटी बोर्डावर इकडे एक-सात, तिकडे शून्य-दहा असे आकडे लागले.

"आपण मागे आहोत?" अहिल्येनं घाबरून विचारलं.

"एका गोलचे तीन, अधिक सात. दहाला दहा. बरोबरी," श्रीराम ताडकन म्हणाला. ‘आपण’ हा शब्द त्यानंही मनातल्या मनात उचलला असावा, कारण तो आता उभा होता.

बाजू बदलल्या होत्या, पण अंपायर आपल्याच गोलपाशी राहतात. म्हणजे रवींद्रच्या खांबांवर आता रोव्हर्सचा हल्ला असायला हवा होता. पण उन्हाचा त्रास व्हायला लागला म्हणून पलीकडच्या गोलपाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या आयरिश अंपायरनं जागा बदलून मागितली होती, आणि डेक्लननं बदलून दिली होती. तेव्हा रवींद्र पुन्हा तिथंच, जिथं अनिका किक मारणार. नशीब म्हणतात ते हेच, शैलाला वाटलं, आणि तिनं डोळे मिटून घेतले.

"शैलाताई, बघा! बघा!"

तिनं डोळे उघडले. अनिका डाव्या कडेनं पळत होती. बॉल बुटावर, हातात, पुन्हा बुटावर. दोघी तिला लोंबकळल्या, तिनं त्यांना तशाच ओढत नेलं. आणि पडता पडता किक मारली.

बॉल उंच गेला. खांबाच्या टोकाच्याही वर गेला, बरोबर खांबाच्या डोक्यावरून गेल्यासारखा. आत की बाहेर, सगळ्या ग्राउंडवर कुणाला म्हणून सांगता आलं नसतं. फक्त खांबाखाली उभा असलेला एक म्हातारा आकाशाकडे मान करून बघत होता.

बॉल मागच्या झाडीत पडला, तरी तो हलला नाही. शैलाला हे गप्प राहणं ओळखीचं होतं. फोन कानाला लावून तो असाच उभा राहिला होता. आता तो काय करणार, ते करायची त्याला किती भीती वाटत असणार आणि तरीही तो तेच करणार, हे या जगात एकट्या तिलाच ठाऊक होतं. तिला त्याचा राग आला नाही. तिला त्याचा अभिमान वाटला. बाहेर म्हण, तिनं मनात म्हटलं. बाहेर असेल तर बाहेर म्हण, मी आहे.

रवींद्र खाली वाकला आणि गवतात ठेवलेला पांढरा झेंडा उचलून त्यानं तो डोक्यावर फडकवला. पॉइंट!

इकडे नुसता कल्लोळ झाला. आणि पलीकडून तेवढाच दुसरा. हिरव्या टोपीचा एक दांडगा माणूस कठड्याशी येऊन गरजला, "चीट! दॅट्स हर अंकल! तो तिचा काका आहे! विचारा त्याला!" आजूबाजूचे आणखी चारपाच जण त्याला मिळाले. "अंकल! अंकल!" असा ओरडाच सुरू झाला. डेक्लन धावत खांबापाशी गेला, दोघं काहीतरी बोलले, डेक्लननं मान डोलावली आणि पॉइंट कायम असल्याची खूण केली. ओरडा वाढला. कुणीतरी मैदानात पाण्याची बाटली भिरकावली. ती रवींद्रच्या पायाशी पडली. झेंडा तसाच हातात धरून तो ताठ उभा होता, आणि त्याची मान मात्र शैलाला खाली गेलेली दिसली. सत्तरीत पहिल्यांदाच त्या माणसाला कुणी खोटारडं म्हणत होतं.

शैला उठायला गेली. तिच्याआधी शेजारची जागा रिकामी झालेली होती.

श्रीराम पायऱ्या उतरून कठड्यापाशी पोचला होता. मऊ बोलणारा, मीटिंगमध्येसुद्धा हात वर करून बोलणारा श्रीराम. त्यानं हिरव्या टोपीवाल्याच्या खांद्याला धरून त्याला आपल्याकडे वळवलं.

"यू! लिसन टू मी! आय ॲम हर फादर!"

पुढचंही तो इंग्रजीतच बोलला, पण सूर थेट नागपुरातला होता, आणि शैलाला ते सगळं मराठीतच ऐकू आलं.

"तो माझा मोठा भाऊ आहे. सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलाचं लग्न ठरत होतं. याला एक शब्द खोटा बोलायचा होता. एक! घरच्यासाठी! नाही बोलला. लग्न मोडलं. सहा वर्षं मी याचं तोंड बघितलं नाही. या अख्ख्या ग्राउंडवर त्याच्यावर माझ्याएवढा कोणी चिडलेला नाही. आणि मी तुला सांगतो, जो पुतण्याच्या लग्नासाठी खोटं बोलला नाही, तो पुतणीच्या बॉलसाठी बोलणार नाही. बस खाली!"

हिरवी टोपी बसली नाही, पण गप्प झाली. बाकीच्यांचं ओरडणंही विरत गेलं. मैदानात रोव्हर्सची कॅप्टन, लालभडक चेहऱ्याची उंच मुलगी, चालत रवींद्रपाशी गेली, पायाशी पडलेली बाटली तिनं उचलली आणि मोठ्यानं म्हणाली, "ही टोल्ड मी लास्ट वीक. इट्स फाइन. लेट्स प्ले." उरलेला खेळ मिनिटभराचाच होता. शिट्टी झाली आणि ब्लॅकस्टोनच्या पोरी एकमेकींवर कोसळल्या.

*

रवींद्र कोट हातावर टाकून कठड्यापाशी आला तेव्हा श्रीराम अजून तिथंच उभा होता. मध्ये लोखंडी कठडा आणि सहा वर्षं. शैला आणि अहिल्या चार पायऱ्या वर थांबल्या. पुढे जायचं की नाही, दोघींनाही कळेना.

श्रीरामच आधी बोलला. "दादा, आत होता ना रे बॉल? नक्की?"

"वीतभर आत." रवींद्रनं त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे? तुला दिसला नव्हता?"

"एवढ्या लांबून मला काय दिसणार?"

"मग एवढा ओरडलास कशाच्या भरवशावर?"

"तुझ्या," श्रीराम म्हणाला.

रवींद्रनं हातातला कोट नीट घडी घालायला घेतला. मग घडी अर्धवट टाकून म्हणाला, "त्या दिवशी मी तुला आधी फोन करायला हवा होता, श्रीराम. जे सांगितलं तेच सांगितलं असतं. पण आधी तुला."

"हो," श्रीराम म्हणाला. "करायला हवा होतास." आणि त्यानं कठड्यावरून हात लांब करून कोटाचं दुसरं टोक धरलं. दोघा म्हाताऱ्यांनी मिळून त्या कोटाची घडी घातली, लहानपणी आईच्या लुगड्याची घालत असतील तशी, टोकाला टोक जुळवून.

तेवढ्यात अनिका आली, गुडघ्यापासून हनुवटीपर्यंत चिखल, गळ्यात मेडल. "मॉम! काकू! डिड यू सी? डिड यू सी दॅट?" आणि तिनं दोन्ही हात पसरले.

"शैलाताई, धरा जरा," अहिल्या म्हणाली. खांद्यावरची पर्स काढून तिनं शैलाच्या हातात कोंबली आणि चिखलासकट लेकीला मिठी मारली. मिठीतूनच मान वळवून म्हणाली, "आणि वड्या संपवू नका सगळ्या!"

पर्स चांगली जड होती. शैलानं ती तिला परत दिली नाही. गर्दीतून वाट काढत ती पार्किंगमध्ये गेली आणि ती पर्स तिनं आपल्या गाडीत, पुढच्या सीटवर ठेवून दार लावून टाकलं.